कॅम्परव्हॅनचा मुक्काम: कॅम्पसाइट, पालिकेचा तळ, शेतकऱ्याचं आवार की मोकळं रान?

मुक्कामाची जागा शोधताना बहुतेक जण आधी नजारा बघतात. माझं म्हणणं, आधी गाडीतलं टॉयलेट आणि सांडपाण्याची टाकी बघा. यातले कुठले पर्याय तुमच्यासाठी खुले आहेत, ते त्यावरच ठरतं.

गाडीत टॉयलेट नसेल तर प्रश्न मिटला, कॅम्पसाइट गाठा. चौघांत सहसा हीच महाग. पण वीज, अंघोळ, कॅसेट (टॉयलेटखालची, बाहेर काढता येणारी मैल्याची टाकी) रिकामी करायची सोय, सगळं एका जागी मिळतं. हंगामात मात्र जागा आधी राखून ठेवावी लागते. मनात आलं तिकडे वळायची मजा जाते.

युरोपात फ्रान्समधले ‘एअर’ किंवा जर्मनीतले ‘श्टेलप्लाट्झ’, म्हणजे कॅम्परव्हॅनसाठी राखलेले मुक्कामाचे तळ, हा मधला मार्ग. पुष्कळ ठिकाणी ते स्थानिक पालिकाच चालवते. एरवी दिसायला नुसतं पार्किंग, गाडीला गाडी खेटून. टेबल-खुर्च्या बाहेर मांडायला अनेक ठिकाणी मनाई असते. पण नळ असतो, सांडपाणी सोडायची जाळी असते. लांबच्या प्रवासातल्या मधल्या रात्रीसाठी मी डोळे झाकून हेच निवडेन.

‘फ्रान्स पासियाँ’ किंवा अमेरिकेतलं ‘हार्वेस्ट होस्ट्स’ यांचं वर्षाचं सभासदत्व घेतलं, की शेतात, द्राक्षमळ्यात सहसा एका रात्रीपुरतं थांबता येतं. गाडी मात्र स्वयंपूर्ण हवी, कारण तिथे टॉयलेटची सोय गृहीत धरायची नसते. आणि हो, गेल्या गेल्या यजमानाला भेटायचं. गुपचूप येऊन झोपून जायचं नाही.

खरा गोंधळ मोकळ्या रानाचा. ‘पार्क फॉर नाइट’ किंवा ‘आयओव्हरलँडर’ अशा ॲपवर एखाद्या जागेखाली ढीगभर अभिप्राय दिसले म्हणजे परवानगी आहे असं नव्हे, कुणीतरी तिथे झोपून गेलं, एवढंच कळतं. स्वीडनमध्ये निसर्गात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, स्कॉटलंडमध्येही 2003च्या कायद्याने तो दिलाय, पण दोन्हीकडे तो मोटारगाडीला लागू नाही. न्यूझीलंडमध्ये 2023च्या कायद्याने ‘स्वयंपूर्ण’ गाडीच्या प्रमाणपत्रासाठी पक्कं बसवलेलं टॉयलेट सक्तीचं केलं. उचलून ठेवायचं चालत नाही. अमेरिकेत बीएलएम या केंद्रीय सरकारी खात्याच्या सार्वजनिक जमिनीवर बहुतेक ठिकाणी 28 दिवसांत 14 दिवस राहता येतं. म्हणजे ॲपवर जागा शोधायची आणि नियम स्थानिक प्रशासनाच्या पानावर वाचायचा.

जागेवर उजेडात पोहोचा आणि गाडी बंद करण्याआधी एक चक्कर मारा. झुडपामागे टिश्यूचे बोळे दिसले, गवतात चाकांच्या ताज्या चाकोऱ्या दिसल्या, तर पुढे निघा. त्या जागेवर आधीच भार झालाय. थांबलात तर गाडी आधीच कडक झालेल्या जमिनीवरच लावा. भांडी ओढ्यात धुऊ नका, साबण विघटनशील असला तरी. पाण्यापासून 60 मीटर लांब जा. कॅसेटमधलं रसायन खड्ड्यात किंवा रस्त्याकडेच्या गटारात ओतणं तर सरळ गुन्ह्यासारखंच. सेप्टिक टाकीतही विचारल्याशिवाय नको, काही रसायनं तिथले उपयुक्त जिवाणू मारतात.

कॅसेट साधारण 15 ते 20 लिटरची, दोघांत दोन-तीन दिवसांत भरते. म्हणून रानात सलग दोन रात्रींचा बेत असेल, तर तिसऱ्या दिवशी ती कुठे रिकामी करायची ते निघण्याआधीच नकाशावर नोंदवून ठेवा.