चिखलदऱ्याची लाकडी बंगली आणि लकडगंजचे मिस्त्री

आमच्या आजोबांनी १९४१ मध्ये चिखलदऱ्याला बांधलेली दोन खोल्यांची सागवानी बंगली गेल्या वर्षी नागपूरच्या लकडगंजमधील एका लहानशा सुतारकाम कारखान्याने दुरुस्त करून दिली. त्या कामाविषयीचा हा अभिप्राय आहे.

आजोबा कचेरीत कारकून होते, त्यामुळे बंगलीत कोरीव कमानी किंवा दिवाणखाना असण्याचा प्रश्नच नव्हता. दगडी जोत्यावर बारा खांब, फळ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौले आणि पुढे पडवी, एवढाच तिचा थाट. घाटातून विटा वर चढवण्यापेक्षा परतवाड्याच्या बाजारातला साग स्वस्त पडला, असे वडील सांगत. शेजारच्या गाविलगडाला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे आणि साहेबांच्या बंगल्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण मे महिन्याची काहिली चुकवण्यासाठी साधा पगारदार नागपूरकर डोंगरावर कसा राहत असे, याचा पुरावा अशाच बिनथाटाच्या घरांत उरला आहे. तो पुरावा रंध्याच्या खुणांत, खुंट्या मारलेल्या सांध्यांत आणि पायांनी झिजलेल्या उंबरठ्यात असतो, म्हणून लाकूड फेकले की तोही जातो.

आधी बोलावलेल्या एका ठेकेदाराने पाहताक्षणीच फळ्या काढून लोखंडी चौकटीवर सिमेंटचे पत्रे बसवण्याचा सल्ला दिला होता. लकडगंजच्या मिस्त्रींनी मात्र अर्धा दिवस नुसते टोचणीने लाकूड टोचून पाहिले. बारापैकी तीनच खांबांना, तेही तळाशी, वाळवी लागली होती. चौथा खांब बदलून टाकावा असे मी सुचवले, तेव्हा ते म्हणाले, “याले हात नका लावू जी, हे लाकूड अजून जित्तं आहे.” तिन्ही खांबांचा कुजलेला दीड फूट त्यांनी तिरका कापला आणि नागपूरच्या महाल भागातल्या एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून काढलेला तुकडा तिथे लाकडी खुंट्यांनी जोडला. जुना साग पुरता वाळलेला असल्यामुळे तो पुढे फारसा आकसत नाही आणि सांधा सहसा उघडा पडत नाही. भिंतींवरचा ऑइलपेंट खरवडून त्यांनी जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, कारण त्या रंगाखाली पावसाळ्याची ओल कोंडून फळ्या मागच्या बाजूने नासत होत्या.

इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडी वास्तूंच्या जतनाविषयीची जी तत्त्वे २०१७ मध्ये दिल्लीच्या अधिवेशनात स्वीकारली, त्यांचेही म्हणणे असेच आहे: मूळ लाकूड शक्य तेवढे राखावे, बदलणे भागच पडले तर शक्यतो त्याच जातीचे लाकूड घ्यावे आणि नव्या भागावर ठळक न दिसणारी खूण करावी. मिस्त्रींनी ही तत्त्वे वाचली असतील असे वाटत नाही. तरी प्रत्येक नव्या तुकड्याच्या आतल्या अंगाला त्यांनी पटाशीने दुरुस्तीचे साल कोरून ठेवले आहे, आणि विचारल्यावर “उद्या कोणी फसू नये” इतकेच उत्तर दिले.

तक्रारीही आहेत. एप्रिलअखेर संपवायचे काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबले, त्यामुळे पहिल्या पावसात पडवीवर ताडपत्री टाकून दिवस काढावे लागले. फोन क्वचितच उचलला जातो. मुख्य दाराला मला न विचारता चकचकीत पॉलिश मारले गेले, ते जुन्या भिंतींशेजारी परके दिसते. पॉलिश उतरवून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे, पण अजून कोणी फिरकलेले नाही. कोटेशनमध्ये नागपूरहून कारागिरांच्या येण्याजाण्याचा आणि मुक्कामाचा खर्च धरलेला नव्हता; तो शेवटच्या बिलात वेगळा लागला.

तरीही पुढच्या वर्षी कौलांखालच्या रिपा याच मिस्त्रींकडून बदलून घेणार आहे. फक्त या वेळी आगाऊ रक्कम देण्याआधी कामाची मुदत आणि प्रवासखर्च कागदावर लिहून घेईन, आणि काम दिवाळीनंतर लगेच सुरू करायला सांगेन.