वास नसलेला ओवा आणि माझे साडेतीन लाख

लिहायला लाज वाटते. अकरा वर्षं पोल्ट्री करतोय, चार जणांना फुकटचे सल्ले देतो आणि एका झिपच्या पिशवीने मला गुंडाळलं. आकडा आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको : ३,५०,६०० रुपये.

पद्धत तुम्हाला माहीत आहेच. फुकट सॅम्पल, झटपट गुण, मग 'दहा पोती उचला, तालुक्याची एजन्सी तुमची'. मलाही माहीत होती. तरी गेलो.

एका बॅचला अठराव्या दिवशी पक्षी पातळ हगायला लागले आणि नेमका त्याच आठवड्यात ओव्याच्या अर्काचं 'नैसर्गिक' पूरक खाद्य विकणारा एक माणूस शेडवर आला. बोलणं अभ्यासाचं. युरोपात २००६ पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला बंदी आहे, आपल्याकडे २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद झालं, ओव्यात जंतू मारणारं थायमॉल असतं, लसणात तसंच ॲलिसिन, दालचिनीचं तेल आतड्यातल्या जंतूंना रोखतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हेच तर जास्त झोंबतं. आणि मला औषध खरंच कमी करायचं होतं. एक गिऱ्हाईक बिनऔषधाची कोंबडी मागत होतं. हाव नव्हती असं म्हणणार नाही, पण नुसती हावच होती असंही नाही.

त्याने बॅगेतून पिशवी काढली. लेबल नाही. आत फिकट पिवळी भुकटी. पाण्यातून तीन दिवस द्या म्हणाला. चहा घेऊन आलेल्या आईने चिमूटभर हातावर घेतली, हुंगली, जिभेला लावली आणि थुंकली. "कडूजहर आहे. ओव्याचं म्हणताय ना, मग ओव्याचा वास कुठाय?"

तो हसला. "आजी, अर्क आहे हा, वास काढलेला असतो." मीही हसलो. आईला म्हणालो, तू आत जा.

ते हसू आठवलं की आजही रात्री उठून बसतो.

छत्तीस तासांत विष्ठा घट्ट झाली. इथे तरी डोकं चालवायला हवं होतं. वनस्पतीचे अर्क, प्रोबायोटिक, सेंद्रिय आम्लं यांचं काम पहिल्या दिवसापासून खाद्यात राहून हळूहळू चालतं. भडकलेली हगवण दीड दिवसात थांबवणारी वस्तू 'नैसर्गिक' म्हणून कोणी आणली, तर आधी संशय घ्या. मी काय केलं? दहा पोती मागवली. २५ किलोचं एक, ६४० रुपये किलो, एकूण १,६०,०००. साठ हजार आगाऊ, लाख रुपये माल उतरल्यावर. पैसे कंपनीच्या नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात गेले. पक्कं बिल 'आठ दिवसांत'. ते आठ दिवस अजून चालू आहेत.

पोत्यांना मात्र ओव्याचा असा घमघमाट की शेडमध्ये उभं राहवेना. सॅम्पलला वास नाही आणि मालाला एवढा वास, हे मी स्वतःच्या हाताने पोतं फोडताना पाहिलं. मनाची समजूत घातली, माल ताजा असेल.

वर त्याचा सल्ला असा की खाद्यातलं कॉक्सीचं (परजीवीमुळे होणाऱ्या रक्ती हगवणीचं) औषध काढा, नाहीतर आतले चांगले जिवाणू मरतील. अर्धवट खरं वाटणारं बोलण्यात तो उस्ताद होता. पुढच्या बॅचला मी फीड मिलला सांगून ते काढलं. बाविसाव्या दिवशी शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर रक्त दिसलं. डॉक्टरांनी मेलेला पक्षी फाडून दाखवला, आतड्याच्या टोकाच्या दोन्ही पिशव्या रक्ताने गच्च भरलेल्या. रक्ती हगवण. ५,००० पक्ष्यांत एकूण ४१२ मेले. उरलेल्यांचं सरासरी वजन १,८७० ग्रॅमवर अडकलं, एरवी मी २,२०० काढतो. एफसीआर, म्हणजे एक किलो वजनाला लागणारं खाद्य, १.६२ वरून १.९४. बॅचचा फटका १,७४,५००, उपचारांना ११,३००. कॉक्सीचं औषध कोणी काढायला सांगितलं तर आधी डॉक्टरांना फोन, मग बाकीचं.

सॅम्पलची दोन चमचे भुकटी पिशवीत उरली होती. ४,८०० रुपये भरून ती आणि पोत्यातला माल प्रयोगशाळेत दिला. सॅम्पलमध्ये एन्रोफ्लॉक्सासिन निघालं, चक्क अँटिबायोटिक. पोत्यात ते नाही; चुनखडी, भाताचा कोंडा आणि वरून ओव्याचं तेल. (लिंबू पिळून पाहिलं तर फसफसलं. पण त्यावर जाऊ नका, चांगल्या मालातही भर म्हणून चुनखडी असते.) म्हणजे त्या पहिल्या बॅचची कोंबडी मी 'बिनऔषधाची' म्हणून विकली, ती औषध खाऊन गेली होती. गिऱ्हाइकाला हे सांगितलं, तेव्हापासून तो फोन उचलत नाही. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.

आता कार्यालयांची कथा. औषधांचं बघणारे म्हणाले, लेबलवर 'फीड सप्लिमेंट' आहे, औषध नाही, आमच्याकडे येत नाही. अहो, त्यात औषध सापडलंय! तर म्हणे, सापडलं ते सॅम्पलमध्ये, त्याला लेबलच नाही. खाद्याचं बघणारे म्हणाले, नमुना आमच्या माणसाने सीलबंद केलेला नाही, तुमचा अहवाल चालणार नाही. मग पाठवा की माणूस! माणूस रजेवर. पोलिसांनी अर्ज वाचायच्या आधीच 'दिवाणी मामला' म्हणून परत केला, तिसऱ्या खेपेला पोच दिली. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कारकून म्हणाला, तुम्ही धंदेवाले, ग्राहक नाही. हे साफ अपुरं आहे : स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरत नाहीत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच स्पष्टीकरण आहे. छापील पान दाखवलं, तेव्हा 'बघू' म्हणाला. पण मी एजन्सीसाठी घेतलेली दहा पोती त्यात कशी बसवायची, हा वकिलाचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी सव्वा महिन्याने केला. बॅच नंबर आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसलेलं पोतं उतरवूनच घेऊ नका. सॅम्पल घ्यायचंच असेल तर सीलबंद पोत्यातून, स्वतःच्या हाताने.

शेजारच्या दोघांना मी एकेक पोतं दिलं होतं. त्यांचे ३२,००० मी परत केले. एकाचं पोतं बंदच होतं, दुसऱ्याने निम्मं वापरलं होतं. तो काही बोलला नाही, फक्त पोतं माझ्या दारात टाकून गेला. आठ बंद, दोन फोडलेली, दहाच्या दहा परत माझ्याकडे. कार्यालयाचं म्हणणं, पुरावा आहे, हलवायचा नाही. गुरुवारी नवी पिल्लं येतायत आणि तूस ठेवायला जागा नाही.