सरावाच्या बाणाला कोणते टोक लावावे: चिकटवायचे, आट्यांचे की टोपीसारखे?

पाऊस ओसरू लागला की शालेय स्पर्धांचे वेध लागतात आणि मराठवाड्यातील तिरंदाजीच्या मैदानांवर त्याच सुमारास जुनी, बोथट झालेली टोके बदलण्याचा विषय निघतो. पालक किंवा क्रीडाशिक्षक माहितीसाठी परदेशी कॅटलॉग उघडतात आणि अधिकच गोंधळतात, कारण तेथील बराचसा मजकूर शिकारीचा हंगाम समोर ठेवून लिहिलेला असतो. अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे लोक उन्हाळाभर साध्या टोकांनी सराव करतात आणि हंगामाच्या काही आठवडे आधी तेवढ्याच वजनाची पात्याची टोके लावून बाण कोठे जातो हे तपासतात. पाती पंखासारखी हवा धरतात, त्यामुळे धनुष्याच्या जुळणीतील लहानसा दोषही तेव्हा उघड होतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी आहे. तुरीत आणि हरभऱ्यात रोही किंवा रानडुकरे कितीही शिरत असली, तरी त्यांचा बंदोबस्त हा वन विभागाच्या परवानगीचा विषय आहे, तिरंदाजाचा नव्हे. शिवाय पात्याचे टोक बट, म्हणजे ज्यात बाण रुततो तो लक्ष्यामागचा जाड गठ्ठा, कापत जाते, आणि लक्ष्याला अवाजवी हानी पोहोचवणारे बाण स्पर्धेच्या नियमांत बसत नाहीत. म्हणून कॅटलॉगची ती पाने सरळ उलटून पुढे जावे. त्या शिकाऱ्यांची एक सवय मात्र उचलण्याजोगी आहे: शेवटी ज्या वजनाचे टोक वापरायचे, त्याच वजनाने सराव करायचा.

टोकांचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. हे माप परके वाटते, पण सराफाच्या दुकानात बसलेल्या जुन्या माणसाला ते चटकन समजेल, कारण ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन होतो. म्हणजे ९० ग्रेनचे टोक अर्ध्या तोळ्याचे, आणि एक ग्रेन साधारण अर्ध्या गुंजेएवढा. सर्वत्र मिळणारे १०० ग्रेनचे टोक ६.४८ ग्रॅम, तर १२५ ग्रेनचे ८.१ ग्रॅम भरते. हा फरक तळहातावर कळत नाही, परंतु बाणाला कळतो. टोक जड झाले की बाण सुटताना दांडी अधिक वाकते, म्हणजे तीच दांडी मऊ असल्यासारखी वागते, आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या रिकर्व्ह (टोकांशी उलट वळलेल्या धनुष्याच्या) तिरंदाजाचे बाण उजवीकडे सरकू लागतात. टोक हलके केले तर ते डावीकडे जातात. त्यामुळे ‘स्वस्त मिळाली’ म्हणून वेगळ्या वजनाची टोके सरावासाठी आणणे ही बचत नाही. मुलगा तीन महिने एका बाणावर हात बसवतो आणि स्पर्धेत दुसराच बाण मारतो.

वजन ठरवताना बाणाचा तोलबिंदूही पाहावा. नॉकच्या (बाणाच्या मागच्या बाजूला दोरी अडकवायच्या तुकड्याच्या) खाचेपासून दांडीच्या टोकाकडील काठापर्यंतची लांबी २८ इंच असेल आणि टोक लावलेला बाण खाचेपासून १७ इंचांवर बोटावर तोलला जात असेल, तर तोलबिंदू मध्यापासून ३ इंच पुढे आहे, म्हणजे लांबीच्या १०.७ टक्के. ७० मीटरवर मारणाऱ्या रिकर्व्ह तिरंदाजासाठी ११ ते १६ टक्के हा प्रचलित पल्ला आहे, म्हणजे या बाणाला किंचित जड टोक चालेल, अर्थात दांडीची ताठरता ते पेलणार असेल तर. ५० मीटरवर खेळणाऱ्या कंपाऊंडवाल्यांना, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याने मारणाऱ्यांना, साधारणपणे याहून कमी पुरते.

आता मुख्य निवड. कार्बनच्या दांडीत टोक दोन प्रकारे बसते: एक तर त्याचा मागचा दांडा गरम गोंदाने आत चिकटवतात, किंवा दांडीत आधी आट्यांची नळी, म्हणजे इन्सर्ट, बसवून त्यात टोक फिरवून घट्ट करतात. चिकटवायच्या पोलादी टोकांचा मोठा गुण असा की त्यांच्या मागच्या दांड्याला ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि पकडीने तुकडा मोडून १२० चे ११० किंवा १०० ग्रेन करता येतात. हे एकाच दिशेने चालते, मोडलेला तुकडा परत जोडला जात नाही, म्हणून सुरुवात जड बाजूने करावी. आट्यांच्या टोकांत वजन बदलणे हाताने एका मिनिटात होते, बोथट टोक मैदानावरच काढून टाकता येते आणि चुकून गोंद जाळून दांडी खराब करण्याची भीती नसते. कागदावर आट्यांचेच टोक सरस ठरते, आणि पहिल्या वर्षीच्या मुलासाठी माझीही शिफारस तीच आहे, कारण त्याची दोरीची ओढ दर काही महिन्यांनी वाढते आणि त्यासोबत टोकाचे वजनही बदलावे लागते.

त्याचा दोष बाण उपसताना दिसतो. फोमच्या बटात बाण शिरताना घर्षणाने फोम वितळतो आणि टोकाला धरून ठेवतो. मूल बाण पिरगाळून ओढते, आटे सैल होतात, आणि पुढच्या फेरीत टोक बटातच राहते किंवा सैल टोकाने बाण थरथरत जातो. यावर उपाय सोपा आहे: नॉकच्या बाजूने पाहताना दांडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत ओढावी, म्हणजे आटे सैल होण्याऐवजी आवळले जातात, आणि प्रत्येक फेरीनंतर टोके बोटांनी तपासावीत. आमच्या मैदानावर ही शिस्त लागायला एक पूर्ण हंगाम गेला, हे मान्य केले पाहिजे.

चिकटवलेल्या टोकाची परीक्षा मात्र आपले ऊन घेते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीतले तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. गरम केल्यावर मऊ होणे हाच ज्या गोंदाचा गुणधर्म, तो अशा ठिकाणी पकड सोडणार हे उघड आहे. बाणांची पेटी लिंबाच्या सावलीत ठेवणे हा त्यावरचा उपाय. काही जण दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी वापरतात. तो उन्हात टिकतो, पण नंतर टोक काढायचे म्हटले तर इतकी उष्णता द्यावी लागते की कार्बनच बिघडतो. गरम गोंदाचे टोक उकळत्या पाण्यात धरून पकडीने ओढले की निघते. ज्योत वापरायचीच असेल तर ती धातूच्या टोकाला दाखवावी, दांडीला कधीही नाही. ॲल्युमिनियमची दांडी याबाबतीत अधिक सोशिक आहे.

आकाराबाबत निर्णय बटावर अवलंबून ठेवावा. पुढे बारीक आणि मागे पायरी असलेले फील्ड पॉइंट आत खोल शिरतात. गवताच्या आवळलेल्या पेंढ्यांच्या जाड बटासाठी ते ठीक, परंतु चिंध्या भरलेल्या पोत्यात किंवा विरलेल्या फोमात ते आरपार जातात आणि पिसांना इजा होते. बंदुकीच्या गोळीसारख्या गोलसर उताराचे टोक कमी शिरते आणि सहज निघते. मैदानी स्पर्धेसाठी तयारी करणाऱ्याने गोलसरच घ्यावे. त्याची उणीव एवढीच की मुरमावर किंवा दगडावर पडले की ते घसरून दूर जाते, तर अणकुचीदार टोक जागीच रुतते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्यात गेलेला बाण शोधणे हा वेगळाच खेळ आहे. बटामागे जाळी लावणे टोकाच्या कोणत्याही आकारापेक्षा अधिक उपयोगी पडते.

टोकाचा व्यास दांडीइतकाच असावा. दांडीहून जाड टोक फोममधून आत जाताना बरे वाटते, पण बाहेर येताना त्याचा मागचा काठ अडतो आणि सगळा ताण गोंदावर किंवा आट्यांवर येतो. स्पर्धेत दांडी ९.३ आणि टोक ९.४ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, मात्र सडपातळ दांड्या वापरणाऱ्यांचा या मर्यादेशी क्वचितच संबंध येतो.

इंडियन राऊंड, म्हणजे बांबू-लाकडाच्या धनुष्यबाणाचा प्रकार, खेळणाऱ्यांचे गणित निराळे आहे. बांबूच्या किंवा लाकडाच्या दांडीचे टोक तासून निमुळते करतात आणि त्यावर धातूचे पोकळ टोक टोपीसारखे बसवतात. येथे वजनापेक्षा तासण्याची सफाई महत्त्वाची, कारण उतार वाकडा असेल तर टोक तिरके बसते आणि बाण हवेत डोलत जातो. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते, त्यामुळे जूनमध्ये घट्ट असलेली टोपी मार्चमध्ये हलू लागल्यास कारागिराला दोष देऊ नये. ती काढून, स्वच्छ करून पुन्हा चिकटवावी.

टंगस्टनची टोके राज्य पातळीच्या खाली विचारातही घेऊ नयेत. पोलादाच्या दुपटीहून अधिक घनतेमुळे कमी जागेत अधिक वजन पुढे नेता येते हे खरे, पण दगडावर आपटून गेलेले एक टोक घरच्या अंदाजपत्रकाला चांगलेच जाणवते.

विकत घेताना डझनाऐवजी पंधरा टोके एकाच वेळी घ्यावीत आणि सराफाच्या काट्यावर एकेक तोलावीत. त्या काट्यावर १ ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम स्पष्ट दिसतो. सर्वात जवळच्या वजनांची बारा स्पर्धेच्या बाणांना लावावीत आणि उरलेली तीन, हलकी असोत वा जड, वजन लिहून डबीत ठेवावीत, म्हणजे हंगामाच्या मध्यावर एखादे टोक चपटे झाले तर त्याच्या जोडीचे शोधत शहरभर फिरावे लागत नाही.