एल्सिमिल: लग्नाआधी तीन महिने दंडाचा घेर मोजायला लावणारं ॲप

इंडोनेशियाच्या कुटुंबनियोजन मंडळाने, म्हणजे बीकेकेबीएनने, २०२१ मध्ये आणलेलं एल्सिमिल हे मोफत ॲप लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी आहे. पुढे होणाऱ्या मुलाची उंची वयाच्या मानाने खुंटू नये, यासाठी ते लग्नाच्या तीन महिने आधी भरायचं असतं. मुलीचं वय, वजन, उंची, दंडाचा घेर आणि हिमोग्लोबिन, शिवाय तंबाखूच्या धुराशी येणारा संबंध ही मुख्य माहिती त्यात लागते. मर्यादेबाहेरचा आकडा लाल दिसतो. मग सुईण आणि दोन गावपातळीवरच्या कार्यकर्त्या असं तिघींचं पथक पाठपुरावा करतं.

तीन महिन्यांची निवड अचूक आहे. लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या तर हिमोग्लोबिन साधारण महिन्याला डेसिलिटरमागे एक ग्रॅमने चढतं, त्यामुळे दहावरून बाराला पोचायला दोन-तीन महिने लागतातच. उंची दीड मीटर असेल तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १७.५ वरून १८.५ ला नेण्यासाठी सव्वादोन किलो वजन वाढावं लागतं. रोजच्या जेवणात एक अंडं आणि टेंपेचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे) दोन तुकडे वाढवले तर तेवढ्या काळात ते जमतं. फॉलिक ॲसिडला तर उशीर परवडतच नाही. बाळाच्या मज्जासंस्थेची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते आणि तोवर पाळी चुकल्याचंही जेमतेम लक्षात आलेलं असतं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम किमान महिनाभर आधीपासून हवं.

चुका होतात त्या मोजमापात. दंडाच्या घेराची किमान मर्यादा २३.५ सेंटिमीटर आहे. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये, डावा हात सैल सोडून, बाही वर करून टेप लावायची. ती आवळली की आकडा उगाच घटतो, कपड्यावरून घेतली की फुगतो. बोट दाबून दाबून रक्त काढलं तर त्यात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. गोळी चालू असूनही आकडा हलत नसेल तर आधी चहाची वेळ पाहा. इंडोनेशियात जेवणासोबत गोड चहा सर्रास पितात आणि तो लोह शोषू देत नाही. दोन्हींत निदान तासाभराचं अंतर हवं, गोळीबरोबर पेरू किंवा लिंबू उत्तम.

सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे आकडे लाल आले तरी लग्न अडत नाही. सल्ला असतो तो दिवस राहणं पुढे ढकलण्याचा, आणि त्यासाठी गर्भनिरोधकाबद्दल मोकळेपणाने बोललं जातं. आरोग्याचं कारण सांगून मुलीचं लग्न मोडणाऱ्या समाजात हे फार महत्त्वाचं आहे.

उणिवाही ठळक आहेत. विवाहनोंदणी दहा कामकाजाच्या दिवसांपूर्वी केली तरी चालते. त्यामुळे ॲप शेवटच्या पंधरवड्यात, केवळ त्यातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रासाठी भरलं गेलं तर सगळा हिशेबच कोलमडतो. आकडे जोडपं स्वतः भरतं, म्हणजे अंदाजे वजनही टाकता येतं. पुरुषाकडून मागितलेली माहिती फारच तोकडी आहे. जिथे साठ टक्क्यांहून अधिक पुरुष तंबाखू ओढतात, तिथे ‘धूम्रपान करता का?’ एवढं विचारून थांबणं पुरेसं नाही. सोडवण्यासाठी मदत हवी.

हा नमुना महाराष्ट्राने उचलण्यासारखा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (एनएफएचएस-५, २०१९-२१) इथली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी होती आणि १५ ते ४९ वयातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. साखरपुडा आणि लग्न यांत अनेकदा काही महिने जातात, त्यामुळे तपासणीची वेळ आयतीच मिळते. टेप आणि हिमोग्लोबिन मोजायची सोय उपकेंद्रात असते, पाठपुराव्याला आशाताई आहेत. फक्त दोन तपासण्या वाढवाव्या लागतील: विदर्भ आणि नंदुरबारकडे दोघांचीही सिकलसेलची, आणि सगळीकडे थॅलेसेमियासाठी एचबीएटू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची. हे दोन्ही आनुवंशिक रक्तविकार आहेत. थॅलेसेमियाचा वाहक असल्यामुळे हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते चढणार नाही.