ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी: उघडायची तर नामापासून

व्याकरण पक्कं असूनही इंग्रजी वाक्य खटकतं, तेव्हा बहुतेक वेळा शब्दजोडी, म्हणजे कोलोकेशन, चुकलेली असते. ‘डू अ मिस्टेक’, ‘स्ट्राँग रेन’ यांचा अर्थ कळतो, पण मिस्टेकला ‘मेक’ लागतं आणि रेनला ‘हेवी’. ‘गिव्ह ॲन एक्झाम’ म्हटलं तर अनेकांच्या डोळ्यांसमोर परीक्षा घेणारा शिक्षक येतो. परीक्षेला बसणाऱ्यासाठी ‘टेक’. साधा शब्दकोश अर्थ सांगून मोकळा होतो. कुठल्या शब्दाशेजारी काय बसतं, हे सांगायला ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी हा कोश आहे.

पहिली आवृत्ती 2002 ची, दुसरी 2009 ची. घ्यायची तर दुसरीच घ्या. त्यात सुमारे 9,000 मुख्य शब्द आणि अडीच लाखांवर जोड्या आहेत.

नवखे वापरणारे अडतात ते पहिल्याच पायरीवर. ‘मेक’ की ‘डू’ हे ठरवायला ते ‘मेक’ शोधतात, आणि अशा सर्वसामान्य क्रियापदांना इथे स्वतंत्र नोंदच नाही. शोधायचं ते नाम. ‘डिसिजन’ काढा. आधी विशेषणं येतात, मग नामाआधी येणारी क्रियापदं, नंतरची क्रियापदं, शब्दयोगी अव्ययं आणि शेवटी ठरलेले शब्दप्रयोग. क्रियापदांत ‘मेक’ आणि ‘टेक’ शेजारी दिसतात. ‘टेक’ प्रामुख्याने ब्रिटिश वळणाचं. उभ्या रेघेपलीकडे ‘कम टू’ आणि ‘रीच’ हा वेगळा गट आहे. ही रेघ फार महत्त्वाची. एका गटातले शब्द अर्थाने जवळचे असतात, रेघ ओलांडली की छटा बदलते. ‘रीच’मध्ये बराच खल करून निर्णयापर्यंत पोचल्याचा भाव आहे, चहा घ्यायचा की कॉफी, यासाठी तो वापरला तर हसू येईल. रेघा न बघता यादीतला सर्वांत भारदस्त शब्द उचलणं, ही या कोशामुळेच होणारी चूक.

कोशाची मोठी उणीव म्हणजे अर्थ जवळपास दिलेलेच नाहीत. ‘टॉरेन्शियल’ आणि ‘ड्रायव्हिंग’ ही दोन्ही विशेषणं रेनला लागतात, पण पहिल्यात धो धो कोसळणं आहे आणि दुसऱ्यात वाऱ्याने जोरात येणारा मारा, हे दुसरीकडे बघावं लागतं. त्यामुळे हाताशी एक नेहमीचा शब्दकोश हवाच. प्राथमिक पातळीवरच्या विद्यार्थ्याला हे पुस्तक देऊ नये. तो यादीतच बुडेल. निबंध, अहवाल, अर्ज लिहिणाऱ्यांना मात्र याला तोड नाही.

वहीत उतरवताना जोडी सुटी लिहू नका. ‘रीच डिसिजन’ लिहून ठेवलं की आर्टिकल गळतं आणि पुढचं अव्ययही. ‘रीच अ डिसिजन ऑन’ असा अख्खा तुकडा लिहा, खाली एक वाक्य.

समाजमाध्यमांच्या ताज्या भाषेसाठी 2009 चं पुस्तक अपुरं पडणार, हे उघड आहे. तिथे ‘स्केल’ (SkELL) ही मोफत वेबसाइट कामी येते. शब्द टाकला की खऱ्या मजकुरातली 40 पर्यंत वाक्यं मिळतात, आणि ‘वर्ड स्केच’मध्ये त्याचे सोबती व्याकरणानुसार गटांत दिसतात. हे गट यंत्राने पाडलेले आहेत, त्यामुळे अधूनमधून नाम-क्रियापदांची गल्लत होते. जोडी उचलण्याआधी तिच्यावर क्लिक करून दोन-चार वाक्यं वाचाच.