जॅक्सबी: काही महिन्यांच्या वापरानंतर

बँक स्टेटमेंटच्या कॅम्ट.०५३ फाइल्स (बँकांचा ठरलेला एक्सएमएल साचा) जावात वाचायला जॅक्सबी घेतलं. ही एक्सएमएलचे जावा ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी. ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट बसवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं मला मिळालं नाही. स्टेटमेंटमध्ये एंट्रीजची लिस्ट, एंट्रीत डिटेल्स, त्यात ट्रान्झॅक्शन. रक्कम टॅगच्या पोटात आणि चलन त्याच टॅगच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असतं, तेही दोन फील्डच्या एका छोट्या क्लासात बसतं. पूर्ण स्कीमाचे (फाइलमध्ये कुठले टॅग कसे येऊ शकतात त्याच्या व्याख्येचे) ढीगभर क्लास कशाला सांभाळायचे, म्हणून गरजेपुरतेच हाताने लिहिले. जावा ११ पासून जॅक्सबी जेडीकेसोबत (जावाच्या मूळ पॅकेजसोबत) येत नाही, त्यामुळे डिपेंडन्सी वेगळ्या टाकाव्या लागल्या. त्याचं काही नाही.

मग बँकेने ०२ वरून ०८ आवृत्तीच्या फाइल्स पाठवायला सुरुवात केली. नवी नेमस्पेस (टॅग कुठल्या आवृत्तीचे ते सांगणारं नाव) टाकली, रन केलं, रकमा जिथल्या तिथे. फक्त प्रत्येक एंट्रीचा स्टेटस कोरा! ०२ मध्ये स्टेटस टॅगमध्ये थेट ‘बुक’ हा कोड असायचा, ०८ मध्ये तो आत आणखी एका कोड टॅगमध्ये गेलाय. माझं फील्ड स्ट्रिंग. अनमार्शलरला (जॅक्सबीचा एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट भरणारा भाग) अनोळखी टॅग दिसला आणि त्याने तो मुकाट गिळला. ना एक्सेप्शन, ना लॉगमध्ये एक ओळ. रूट टॅग चुकला तर हाच गडी आकाशपाताळ एक करतो, आतला चुकला की चिडीचूप! पैशांच्या फाइलसाठी ही डिफॉल्ट वागणूक मला अजिबात मान्य नाही.

उपाय एका ओळीचा: अनमार्शलरच्या सेट-इव्हेंट-हँडलर मेथडला डिफॉल्ट-व्हॅलिडेशन-इव्हेंट-हँडलर हा चुका पकडणारा तयार क्लास द्या. मग कुठला टॅग, कुठली नेमस्पेस, कितवी ओळ, सगळं सांगून तो थांबतो. पण गरजेपुरत्या क्लासांवर हा हँडलर चालत नाही, कारण मुद्दाम वगळलेल्या प्रत्येक टॅगलाही अडतो. त्यामुळे हाताने लिहिण्याबद्दलचं माझं मत बदललं. आता एक्सजेसीकडून (स्कीमावरून क्लास बनवणारं जॅक्सबीचं टूल) पूर्ण स्कीमाचे क्लास बनवून घेतो. ढीग मोठा आहे, पण तो बिल्डमध्ये तयार होतो, हाताने सांभाळावा लागत नाही.

आफ्टर-अनमार्शल मात्र फार आवडलं. क्लासमध्ये या नावाची मेथड ठेवली की ऑब्जेक्ट भरून झाल्यावर जॅक्सबी ती बोलावतं आणि पॅरेंट ऑब्जेक्ट हातात देतं. ट्रान्झॅक्शनला आपले डिटेल्स आणि डिटेल्सना आपली एंट्री कोणती ते कळतं, वेगळा लूप लागत नाही.

वापरत राहणार. फक्त हँडलर न लावलेला अनमार्शलर कोड रिव्ह्यूत दिसला, तर मी तो पास करत नाही.