हायफेट्झ की ओइस्त्राख?

चायकोव्हस्की आणि सिबेलियस या संगीतकारांचे व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना) संग्रही हवेत, पण कुणाच्या वादनातले घ्यावेत हे ठरत नसेल, तर निवड बहुधा याशा हायफेट्झ आणि डेव्हिड ओइस्त्राख या दोन व्हायोलिनवादकांपाशी येऊन अडते. माझं मत सांगतो: सिबेलियस हायफेट्झचा घ्या, चायकोव्हस्की ओइस्त्राखचा.

सिबेलियस दोघांनीही 1959 साली अमेरिकेत ध्वनिमुद्रित केला. हायफेट्झसोबत शिकागो सिम्फनी आणि कंडक्टर वॉल्टर हेंडल, ओइस्त्राखसोबत फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर यूजीन ऑर्मंडी. हायफेट्झचं वादन चारेक मिनिटं आधीच संपतं, तरी उरकल्यासारखं कुठेच वाटत नाही. सुरुवातीला ऑर्केस्ट्रातली व्हायोलिनं दबक्या आवाजात थरथरत असतात आणि त्यावर एकलवादकाचा स्वर येतो. हायफेट्झचा तो स्वर इतका ताणलेला, इतका गार लागतो की अंगावर काटाच येतो. मधल्या दोन तारा तो साध्या आतड्याच्या वापरायचा. माइकही जवळ ठेवलेला, त्यामुळे गजाची खरखर लपत नाही. काहींना ती खटकते. मला तीच आवडते.

ओइस्त्राखच्या स्वराला गोलाई आहे. संथ दुसऱ्या भागात खर्जाच्या तारेवर धून सुरू होते तिथे तो सरळ बाजी मारतो. पं. डी. के. दातारांचं गायकी अंगाचं व्हायोलिन ऐकत आलेल्या कानांना तो लगेच जवळचा वाटेल.

चायकोव्हस्कीचं प्रकरण वेगळं आहे. त्याने हा कॉन्चेर्टो आधी व्हायोलिनवादक लिओपोल्ड आउअरला अर्पण केला होता. आउअरने तो वाजवायचं टाळलं आणि 1881 साली व्हिएन्नात अडॉल्फ ब्रॉडस्कीने तो पहिल्यांदा वाजवला. पुढे आउअरने स्वतःच्या फेरफारांसह तो हाती घेतला. हायफेट्झ त्याचाच शिष्य. त्यामुळे कंडक्टर फ्रिट्झ रायनरबरोबरच्या त्याच्या 1957 च्या रेकॉर्डिंगमध्ये गुरूच्या संस्करणाची छाप आहे, शेवटच्या भागात काटछाटही आहे. हात थक्क करणारा, पण ओळख करून घ्यायला ही प्रत अपुरी. ओइस्त्राख इथेही ऑर्मंडीबरोबरच आहे, आणि पहिल्या भागातल्या दुसऱ्या धुनेला तो हवा तेवढा श्वास घेऊ देतो. हायफेट्झ तिथून देखणेपणाने निघून जातो, एवढंच.

दोघांचीही रेकॉर्डिंगं स्टिरिओ आहेत, तेव्हा जुन्या आवाजाची धास्ती नको. हेडफोनवर ऐकणार असाल तर हायफेट्झचा आवाज थोडा कमी ठेवा, वरची तार टोचते.